कढईच्या दोरावर ओरिन

ओरिन त्वाइटचं नाक तीनदा मोडलं होतं आणि तिन्ही वेळा चूक त्याचीच होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मार्लिसने त्याला संत करून ठेवला. पहिल्यांदा मोडलं सतराव्या वर्षी, खाणीच्या फाटकापाशी. दुसऱ्यांदा लग्नात, स्वतःच्याच. तिसऱ्यांदा माझ्या नवऱ्याने मोडलं, गुत्त्यात, पत्त्यांवरून. आणि त्यानंतर दोघं शेवटपर्यंत जिवलग. शेवटपर्यंत म्हणजे माझा नवरा गेला तोपर्यंत. त्याच्या शवपेटीचा एक कोपरा ओरिनने धरला होता आणि दुसरा कोपरा धरणाऱ्याला अख्ख्या वाटेवर शिव्या घातल्या होत्या, नीट चाल म्हणून.

असा माणूस. तोंडाआधी हात जायचा. बायको सहा वर्षांनी निघून गेली. तिच्या अंगाला त्याने कधी बोट लावलं नाही, पण घरातली तीन दारं मोडली. चौथ्या दाराची वाट बघायची नाही असं ती मला म्हणाली होती, आणि मला ते पटलं होतं.

हॅमर क्रीकची खाण बंद पडली तेव्हा तो अठ्ठावीसचा होता. सुरुंग लावण्यापलीकडे काही येत नव्हतं. वर ओल्ड मेजरच्या डोंगरावर स्कीवाल्यांसाठी गस्त असते, तिला सुरुंगवाला हवाच होता. रात्रीतून दोन फूट बर्फ पडलं की ते उतारावर नुसतं टेकून राहिलेलं असतं. एखाद्याचा भार पडला की अख्खा उतार सुटून खाली येतो. म्हणून लोकांना सोडायच्या आधी गस्तवाले सकाळी कड्याने फिरतात, नेमक्या जागी बार टाकतात आणि जे पडायचं ते पाडून घेतात. ओरिनने तेहतीस वर्षं हेच केलं.

मी वरच्या लिफ्टच्या टपरीत असते. बावीस वर्षं झाली. खुर्च्या वर येतात, माणसं उतरतात, कोणी पडलं की मी बटण दाबून लिफ्ट थांबवते. टपरीपासून चाळीस पावलांवर कढईचं तोंड आहे. कढई म्हणजे डोंगराच्या पाठीमागचा मोठा खोलगट उतार, नाव आम्हीच पाडलेलं. तोंडाशी दोन खांब आणि एक दोर. दोर कसला, कपडे वाळत घालायची दोरी. पण गावातलं कुत्रंसुद्धा ती ओलांडायचं नाही. बार संपायचे, ओरिन दोर खाली टाकायचा, मगच जायचं. शेरीफच्या मेव्हण्याने एकदा घाई केली, तर ओरिनने त्याची मान धरून तोंड बर्फात दाबून ठेवलं होतं, चांगला मिनिटभर. शेरीफ म्हणाला, बरं केलंस.

कढईच्या कडेला बार टाकायच्या सात जागा आहेत. सहा पलीकडच्या बाजूने आणि सातवी दोराच्या बरोबर खाली. तिथे उतार पोटासारखा पुढे आलेला आहे, वरून बार टाकून उपयोग नाही. सहावी जागा झाली की मोकळ्या झालेल्या उतारावरून खालून यायचं आणि एका खडकाच्या आडोशाने वर फेकायचा. वर दोरापाशी कोणी हललं नाही तोवर त्यात धोका नाही. गावात लोक अंथरुणात पडल्यापडल्या मोजायचे. सात आवाज झाले की बूट चढवायचे. कोणाला विचारायची गरज नव्हती.

मग तो पास आला. एक कार्ड, चाळीस डोंगर, अख्खा हिवाळा हवं तिथे स्की करा.

आधी आमच्याकडे माणसं कशी यायची सांगते. मार्चचा पहिला आठवडा लागला की कॅन्ससहून प्लंकेट मंडळी हजर. बर्फ असो नसो, तीच खोली, तेच टेबल, एकोणीस वर्षं. त्यांची पोरं माझ्या डोळ्यांदेखत वाढली. नाताळात गर्दी, फेब्रुवारीत एक सुट्टी, बाकीचे दिवस आम्ही आणि डोंगर. आता लोक आधीच्या वसंतातच पास घेऊन ठेवतात आणि अख्खा हिवाळा फोनमध्ये ढग बघत बसतात. यूटाला पडणार? चला यूटाला. वारं फिरलं, आमच्याकडे पडणार? तिकीट फिरवा, चला इकडे. वार बघायचा नाही, शाळा-कचेरी बघायची नाही. तीन आठवडे ऊन पडलं तर मी टपरीत माशा मारत बसते, आणि वादळाच्या सकाळी खालच्या रस्त्यावर सहा मैल गाड्या. त्यातला स्वस्तातला पास नाताळात चालत नाही, म्हणून ती गर्दी जानेवारीवर येऊन कोसळते. पळा पळा कोण पुढे पळे तो. बेकरीवाल्याला कळेनासं झालं की उद्या पाव किती लावायचे. प्लंकेट मंडळींनी दोन वर्षं सोसलं आणि यायचं बंद केलं. म्हातारी जाताना म्हणाली, "मार्लिस, इथे आता आम्हाला कोणी नावाने हाक मारत नाही."

माणसं वाईट नसतात ती. घरी त्यांची लेकरं असतील, आजारी आई असेल. पण पहाटे तीनला उठून, विमान पकडून, भाड्याची गाडी हाकत जो आलाय, आणि ज्याला उद्या सकाळी परत कामावर बसायचंय, त्याला दोर दिसत नाही. दोरापलीकडचं बर्फ दिसतं. आमच्या डोंगराशी त्याला पुन्हा गाठ घालायची नसते. अजून एकोणचाळीस आहेत त्याच्याकडे.

जानेवारीत एक दिवस खुर्चीवरून उतरताना एक लहान मुलगी पडली, मी लिफ्ट थांबवली. मागच्या खुर्च्यांवरचे लोक वाऱ्यात दहा मिनिटं लटकत राहिले. त्यातला एक उतरला तो सरळ टपरीत घुसला आणि त्याने स्कीची काठी माझ्या खांद्यावर मारली, दोनदा. हाड वाचलं, बाकी सगळं काळंनिळं. माझी किंकाळी ओरिनने ऐकली. तो आला, त्या माणसाला हेल्मेटच्या पट्ट्याला धरून बाहेर ओढला आणि तोंडावर ठोसे घातले. दोन दात बर्फावर पडलेले मी पाहिले. माणूस आडवा झाला तरी याचं थांबेना. बुटाने बरगडीत मारत होता, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. शेवटी लूपेने मागून येऊन त्याच्या गळ्याभोवती हात टाकला आणि त्याला मागे पाडला.

लूपे आर्चुलेटा ही त्याची जोडीदार. खालच्या खोऱ्यातली, दोन मुलींची आई, उंचीने माझ्या खांद्याला. बार टाकायला दोघं लागतात, एकाने टाकायचा, दुसऱ्याने नजर ठेवायची. एकोणीस वर्षं ती दोघं जोडीने फिरत होती. तिच्या नवऱ्याबरोबर ती इतके तास कधी राहिली नव्हती, कारण तो ट्रक चालवतो.

डोंगर चालवणाऱ्या कंपनीने ओरिनला शेवटची ताकीद दिली. मारामारीची तक्रार असलेल्याच्या हातात सुरुंग द्यायचा नाही असा नियम आहे, म्हणून परवाना एप्रिलअखेरपर्यंत काढून घेतला. तोवर दोरावर उभं राहायचं, पाहुण्यांशी गोड बोलायचं. कोणालाही हात लावला, तर नोकरी गेली आणि कंपनीची खोलीही गेली. गावात दुसरी खोली मिळत नाही, सगळ्या आठवड्याच्या पाहुण्यांना देतात. एकसष्टाव्या वर्षी तो जाणार कुठे?

त्याच संध्याकाळी माझ्या टपरीत कॉफी पिताना लूपेने त्याला धरलं.

"शपथ घे," ती म्हणाली.

"कसली?"

"हात न उचलण्याची. एप्रिलपर्यंत."

"आणि कोणी या मार्लिसला पुन्हा काठी घातली तर?"

"तर मार्लिस खाईल. तिची चरबी बघ, तिला काही होत नाही."

मी म्हटलं, "माझ्या चरबीवर तुझ्या दोन्ही पोरी थंडीत झोपल्यात, विसरू नकोस."

लूपे हसली, पण लगेच गंभीर झाली. "ऐक म्हाताऱ्या. मला त्या ड्वेनबरोबर फिरायला लावलंय. चांगला मुलगा आहे, पण त्याला बर्फ वाचता येत नाही. तो मला विचारतो, आता काय करू. एकोणीस वर्षं मी असं कोणाला विचारलं नाही, तूही नाही. एप्रिलपर्यंत मी कसंतरी ढकलते. पण तुला काढलं, तर मला पुढची सगळी वर्षं ड्वेन. मग एक दिवस माझ्या पोरी माझ्याशिवाय राहतील. कळतंय का तुला? तुझ्या नोकरीचं नाही सांगत मी. माझ्या जिवाचं सांगतेय."

ओरिन कॉफीत बघत बसला. लूपेच्या गळ्यात साखळी होती, तिच्या आजीची, संताचं बिल्ल्याएवढं चित्र असलेली. तिने ती बाहेर काढली आणि त्याचा हात धरून वर ठेवला.

"मी यातलं काही मानत नाही," तो म्हणाला.

"मी मानते. बोल."

"हात उचलणार नाही."

"थुंकले तरी?"

"थुंकले तरी."

"लाथा घातल्या तरी?"

"लूपे, पुरे आता."

"लाथा घातल्या तरी?"

"तरी," तो म्हणाला.

आणि पाळली त्याने. सहा आठवडे मी पाहत होते. रोज कोणीतरी यायचं, दोर कधी उघडणार म्हणून डोकं खायचं, म्हातारा म्हणायचं, एकाने त्याची टोपी उडवली. ओरिन "थोडा वेळ थांबा, साहेब" म्हणायचा. साहेब म्हणताना त्याचा जबडा असा हलायचा की दात मोडतील असं वाटायचं. दोन्ही हात खिशात. संध्याकाळी टपरीत येऊन भिंतीला टेकून बसायचा, तेव्हाही हात खिशातच. मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. मी त्याला तसं बोलूनही दाखवलं, तर म्हणाला, "गप बस."

फेब्रुवारीच्या तिसऱ्या बुधवारी सव्वीस इंच पडलं. वादळ यूटाला जाणार होतं, आदल्या दुपारी वळलं. सकाळी नवाला खालच्या गाडीतळावर जागा नव्हती. साडेनवापर्यंत दोरापाशी तीनशे माणसं जमली. स्कीवर स्की चढलेल्या, कोपर कोपराला लागलेलं, मागचे पुढच्यांना ढकलतायत. ओरिन एकटा दोराच्या पलीकडे उभा. मी खाली फोन केला की अजून दोन माणसं पाठवा. खालून उत्तर आलं, सगळे खालच्या गर्दीला लागलेत.

हिरव्या जाकिटातला एक माणूस माझ्या टपरीच्या खिडकीशी आला. चाळिशीचा, दाढीत बर्फ अडकलेलं. "बाई, कधी उघडणार? तीनला उठलोय. शिकागोहून."

आता माझी अक्कल बघा. इतक्या दिवसांत कोणीतरी मला सभ्यपणे विचारलं म्हणून मी सुखावले. आपल्याला किती माहीत आहे हे दाखवायची खाज सुटली. मी म्हटलं, "आवाज मोजा. सात बार असतात. सातवा झाला की दोर पडला समजा." उचलली जीभ लावली टाळ्याला. तो परत गेला आणि मी त्याला इतरांना सांगताना पाहिलं. हळूहळू सगळी गर्दी मोजायला लागली. एक झाला की ओरडायचे, एक. दोन झाला की ओरडायचे, दोन. जत्राच भरली.

चौथ्या जागेवर बार उडाला आणि बर्फ हललं नाही. वॉकीटॉकीवर लूपेचा आवाज आला, "चार बसूनच आहे. इथेच अजून एक टाकते." गर्दीने तो पाचवा मोजला. मी टपरीत बसून ऐकलं. मनात आलं, म्हणजे आज आठ होणार. तेव्हा उठून चाळीस पावलं जायचं होतं आणि ओरडून सांगायचं होतं. खुर्च्यांवरून माणसं उतरत होती, एक बाई धडपडली, मी तिच्याकडे बघत राहिले. गेले नाही.

गर्दीचा सातवा बार म्हणजे सहावी जागा. तो झाला आणि आरोळी उठली. लूपे वॉकीटॉकीवर म्हणाली, "सहा झाली. ड्वेन वर थांबतोय, मी खाली येतेय सातवीला. ओरिन, दोर सांभाळ."

"सांभाळतो," ओरिन म्हणाला.

पुढचे लोक दोराला भिडले. ओरिनने दोन्ही हात पसरले. "अजून एक बाकी आहे. खाली माणूस आहे. दहा मिनिटं थांबा, साहेब. खाली माणूस आहे."

"सात झाले," हिरवं जाकीट म्हणालं. "त्या लिफ्टवाल्या बाईने सांगितलंय सात."

ओरिनने वळून माझ्याकडे बघितलं. एवढ्या अंतरावरून मला त्याचे डोळे दिसले नाहीत, पण त्याने बघितलं.

"आज आठ आहेत," तो म्हणाला. "हात जोडतो, थांबा."

"दर वेळी एक वाढवता तुम्ही. तुमच्या गावच्या लोकांना आधी सोडायचं असतं."

मागून रेटा आला. हिरव्या जाकिटाने दोर उचलला आणि खाली वाकून आत शिरला. ओरिनने छातीने त्याला अडवला. त्याची उजवी मूठ वर आली, हे मी पाहिलं. खांद्यापर्यंत आली. त्या ठोशाने माणूस जागीच झोपला असता आणि मागचे तीनशे दोन पावलं मागे सरकले असते. मी इतकी वर्षं तो ठोसा पाहत आलेय, मला ठाऊक आहे. शेजारच्या एकाने फोन वर धरला. "मार ना. मार. सगळं रेकॉर्ड होतंय."

मूठ तिथेच थांबली. मग उघडली. त्याने ती खाली घेतली आणि दोर धरला.

"साहेब, कृपा करा," तो म्हणाला.

मग त्यांनी त्याला मारलं. मारायचं म्हणून नसेल, पुढे जायचं म्हणून. एकाची काठी नाकावर बसली, रक्ताची धार लागली. एकाने कोपराने गळ्यावर ढकललं. तो पडला तर त्याच्या हातावरून स्की गेल्या, त्यांना पोलादी धार असते, हातमोजा फाटून तळवा उघडा पडला. तो गुडघ्यांवर उठला, एकाच्या पायाला मिठी मारली, त्याने दुसऱ्या बुटाने त्याच्या कानावर लाथ घातली. आणि हा तोंडातून रक्त गाळत म्हणत होता, "खाली माणूस आहे, साहेब. खाली माणूस आहे." मी लिफ्ट बंद केली आणि धावले. माझे पाय बर्फात मांडीपर्यंत जात होते. वीस-बावीस जण आत गेले, हिरवं जाकीट सगळ्यांत पुढे. आनंदाने आरोळ्या मारत होते.

आधी एक धप्प असा आवाज झाला, पायाखाली. मग दोराखालचं पोट आडवं फाटलं, खांबापासून खांबापर्यंत, आणि सगळा उतार एकदम निघाला. माणसं त्यात बुडाली, वर आली, बुडाली. एक स्की हवेत उडालेली मी पाहिली. खाली खडकाजवळ लूपेचं लाल जाकीट होतं. तिने वर बघितलं. पळायला तिला जागा नव्हती. लोट तिच्यावरून गेला आणि खडकावर आदळून धुरळा उडाला. मग सगळं गप्प झालं.

ओरिन माझ्या आधी खाली पोचला. त्याच्याजवळ ते यंत्र होतं, गाडलेल्याच्या छातीवरच्या यंत्राचा माग काढणारं. वाटेत हिरवं जाकीट कमरेपर्यंत रुतलेलं होतं, पाय मोडलेला, रडत होतं. त्याने ओरिनची पँट धरली, "मला काढा, मला काढा." ओरिनने पाय हिसडून सोडवला आणि पुढे गेला. वरच्या अंगाला अजून दोघं गाडली गेली होती, ती दोघं वाचली, ड्वेनने आणि गर्दीतल्याच लोकांनी काढली. आम्ही लूपेपाशी खणत होतो. बर्फ सिमेंटसारखं घट्ट झालेलं, फावडं आपटलं की हाताला झिणझिण्या. ओरिनच्या नाकातून रक्त गळत होतं, तो खणेल तिथे लाल होत होतं. तो तिला शिव्या देत होता. "ऊठ म्हणतो ना. एप्रिल यायचाय अजून. ऊठ."

सतरा मिनिटांनी तिचं हेल्मेट लागलं. मान मोडली होती. खडकावर आदळली तेव्हाच गेली असणार, नंतर डॉक्टर म्हणाले. ओरिनला ते पटलं नाही. पाऊण तास त्याने तिच्या तोंडात श्वास भरला. शेवटी चौघांनी मिळून त्याला ओढून बाजूला केला.

त्याच दुपारी मी त्याला सांगितलं. गस्तीच्या खोलीत तो बाकावर बसला होता, तळव्याला पट्टी. मी म्हटलं, "ओरिन, सात मी सांगितले होते."

"ऐकलं मी."

"आठवा आहे हे मला कळलं होतं. मी उठले नाही."

त्याने पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. मग म्हणाला, "तू बोललीस. मी हात आवरला. घरी जा, मार्लिस." माझ्यावर ओरडला असता तर मी सुटले असते. मी घरी जाऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडले.

खोऱ्यात लूपेला पुरलं. थोरली मुलगी चौदा वर्षांची, ती ओरिनच्या शेजारी उभी राहिली आणि तिने त्याची बाही धरून ठेवली. त्याला ते सहन होत नव्हतं, पण त्याने बाही सोडवली नाही.

आठवड्याने कंपनीचं पत्र आलं. त्याने मला वाचायला दिलं, चष्मा सापडत नाही म्हणाला, चष्मा डोक्यावर होता. चौकशी पूर्ण झाली, दोष नाही. फोनवर घेतलेलं सगळं चित्रण कंपनीने पाहिलं होतं. एवढा त्रास देऊनही श्री. त्वाइट यांनी पाहुण्यांशी जो संयम दाखवला तो सर्व कर्मचाऱ्यांनी अंगी बाणवावा असा आहे. जानेवारीची ताकीद रद्द. सुरुंगाचा परवाना सोमवारपासून परत. मी वाचून घडी घातली. तो म्हणाला, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. "आता चुलीत घाल," तो म्हणाला, आणि मी घातलं.

त्यानंतर दोन दिवसांनी, शनिवारी दुपारी, मी त्याच्याकडे हिरव्या मिरच्यांचा रस्सा घेऊन गेले. तो खात नव्हता, मी आणून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तसाच परत न्यायचे. मी भांडं खाली ठेवते तोच दारावर थाप पडली. ओरिनने उघडलं. बाहेर कुबड्यांवर तो माणूस होता. जाकीट दुसरं होतं, पण मी दाढीवरून ओळखला.

"माझं नाव कॉर्बिन," तो म्हणाला. "मी तो... मी सगळ्यांत पुढे होतो."

ओरिन दार अडवून उभा राहिला.

"मला झोप लागत नाही. पोलीस म्हणतात दंड भरा. वकील म्हणतो इथे येऊ नका. मला माहीत नाही काय करायचं." त्याने कुबड्या काखेतून काढल्या, भिंतीला टेकवल्या आणि एका पायावर तोल सांभाळत उभा राहिला. दोन्ही हात खाली सोडले. "मारा मला. हवं तेवढं. मी कोणाला सांगणार नाही."

माझेच हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू. त्या माणसाचं तोंड ओरिनच्या हातभर अंतरावर होतं, हनुवटी वर केलेली, डोळे मिटलेले. रडत होता. मला त्याची कीवही आली आणि त्याला जिन्यावरून ढकलावंसंही वाटलं.

"डोळे उघड," ओरिन म्हणाला. त्याने उघडले. "तुला मारायची वेळ गेली. त्या बुधवारी सकाळी होती."

"मी हात जोडतो."

"मीही जोडले होते," ओरिन म्हणाला. मग मला म्हणाला, "मार्लिस, तू पण बाहेर जा."

मी बाहेर आले. त्याने दार लावून आतून कडी घातली. मी त्या माणसाच्या काखेत कुबड्या सरकवत होते तेव्हा पहिला आवाज आला. कंपनीच्या त्या खोल्या सिमेंटच्या विटांच्या आहेत. मला वाटलं काही पडलं. मग दुसरा आला, मग एकामागून एक, पूर्ण ताकदीने, भिंतीवर. "ओरिन," मी दार ठोकलं, "ओरिन, दार उघड." आतून ओरडणं नाही, शिवी नाही, नुसते ठोसे. मग आवाज ओला यायला लागला. कॉर्बिनने मोडक्या पायानिशी दारावर खांदा घातला, मी पण घातला. चौथ्या धडकेला कडी तुटली. भिंतीवर छातीच्या उंचीला लाल डाग होता, रुंद, आणि ओरिन त्याच्यासमोर उभा होता, मनगटापुढचं काही जागेवर नसलेले दोन हात घेऊन.

दवाखान्यात आम्हीच नेला. गाडी मी चालवली, मागे कॉर्बिनने त्याचे हात टॉवेलमध्ये धरून ठेवले होते. ईडा क्रॉस्नर तिथली डॉक्टर, गावातलीच, तीस वर्षं ओरिनची बोटं शिवत आलेली. तिने टॉवेल उघडला. असं तिने कधी पाहिलं नसणार, पण सवयीने, रागावल्यासारखं करून विचारलं, "आता कोणाला मारून आलास?"

ओरिनने हातांकडे बघितलं.

"कोणालाच नाही, ईडा," तो म्हणाला. "कोणालाच नाही मारलं."